बाबांच्या पानावर तराजूकाका

“बाबांना जेवायला ताटकळत ठेवू नका. बाराला म्हणजे बाराला. सुई टोचूनच निघतात ते घरातून.”

तराजूकाकांच्या लेकीनं फोनवर हे सांगितलं, तेव्हा ठमीच्या आईच्या एका हातात फोन होता आणि दुसऱ्या हातात वाटाण्याएवढा प्लास्टिकचा मणी. तो तिनं नुकताच चौदा महिन्यांच्या ठमीच्या तोंडातून बोट घालून काढला होता. मणी हा एकच होता, की आणखी दोनचार पोटात गेले, या विचारात ती होती. “हो हो ताई, तुम्ही अजिबात काळजी करू नका,” ती म्हणाली. दुसऱ्याला काळजी करू नका म्हणणं तिला सोपं जायचं. घरातली सगळी काळजी तीच करून टाकत असल्यामुळे बाकीच्यांना करायला काही उरतच नसे.

संध्याकाळी नवरा कामावरून आला, तेव्हा ती म्हणाली, “लेक फारच करते बाई त्यांची. बाराला म्हणजे बाराला म्हणे. मंत्री यायचे असल्यासारखं.”

नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत होता. त्याच्या सगळ्या विनोदांना ग्रीसचा वास यायचा. “आमच्या कंपनीची पाटी लाव की दारावर,” तो म्हणाला. “काम चालू आहे, गैरसोयीबद्दल क्षमस्व.”

दोघं हसली आणि विषय तिथंच संपला. सुईचं काहीतरी बोलली होती, एवढं तिच्या डोक्यात राहिलं. गोड बेतानं वाढा असंच सांगत असणार, असं तिनं गृहीत धरलं.

त्या परक्या शहरात आपल्या माणसांची साठसत्तर घरं होती, पण सगळी एका वयाची. सगळ्यांत थोरला गृहस्थ सेहेचाळीसचा, आणि तोही केस काळे करून वय लपवण्याच्या मागे. एरवी हे सोयीचंच होतं. कुणी कुणाला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगायला येत नसे. अडायचं ते पितरांच्या पंधरवड्यात. गेलेल्या वडिलांच्या नावानं पान वाढायचं, तर त्या पानावर बसायला त्यांच्या वयाचं, त्यांच्यासारखं कुणीतरी हवं. तो माणूस पोटभर जेवला की वडील जेवले, असा आपला सरळ व्यवहार. बत्तीस वर्षांच्या कम्प्युटरवाल्याला वडील म्हणून बसवलं, तर कुणी कुणाच्या पाया पडायचं?

त्या वर्षी मात्र तराजूकाका आले. वय त्र्याहत्तर. लेकीकडे सहा महिन्यांसाठी. नोकरी सगळी वजनमाप खात्यात झालेली. दुकानादुकानांतून फिरायचं, काटे तपासायचे, शिक्का मारायचा किंवा दंड करायचा. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली तरी हातात आलेली वस्तू वजन सांगितल्याशिवाय खाली ठेवायची नाही, ही खोड गेली नव्हती. “कोथिंबीर का ही? साठ ग्रॅम.” लोक पाठीमागे त्यांना तराजूकाका म्हणायचे. त्यांना ते माहीत होतं आणि चालतही होतं.

सगळ्यांचा फोनवरचा ग्रुप सांभाळणाऱ्या वहिनींनी त्यांचं वेळापत्रकच करून टाकलं. तिथी, घर, वेळ. पंधरा दिवसांत काका अकरा जणांचे वडील होणार होते, दोघांचे आजोबा आणि एकीचे सासरे. त्या सासऱ्यांशी सूनबाईंनी हयातीत नऊ वर्षं अबोला धरलेला होता. तिच्याकडून जेवून आल्यावर काका लेकीला म्हणाले होते, “आज आग्रह फार झाला. बाई बिचारी माफी मागत होती आणि मी आपला खात होतो.”

द्वादशीच्या रकान्यात ठमीच्या आईचं नाव होतं.

तिचे बाबा पुस्तकांची बांधणी करायचे. जाऊन तेरा महिने झाले होते. गेले तेव्हा ठमी तेवीस दिवसांची होती. तिचा पासपोर्ट निघालेला नव्हता, आणि तिला अंगावरून खाली ठेवून जाणं शक्य नव्हतं. दादानं फोन करून विचारलं, “थांबवू का?” त्यांनी बाबांना न्यायचं संध्याकाळपर्यंत थांबवलंही. ती येऊ शकत नाही हे सगळ्यांना माहीत होतं आणि तरी सगळे थांबले होते. शेवटी दादानं व्हिडिओ लावून दिला, पण त्या गडबडीत फोन कुठंतरी टेकवला गेला आणि कॅमेरा वर राहिला. तिनं अकरा मिनिटं छताचा पंखा पाहिला. मग कुणीतरी फोन बंद केला.

म्हणून तिला हे पान हवं होतं. आई फोनवर म्हणाली, “तू कशाला जीव काढतेस? दादा करतोय इकडे सगळं रीतसर.”

“मी कुठं विधी करतेय आई. एक पान वाढतेय.”

“मग वाढ. पण वाढायचंच तर नीट वाढ. बाहेरच्या पानाला पाखरानं तोंड लावल्याशिवाय घरात कुणी घास घ्यायचा नाही.”

“इथं कावळे खाली येत नाहीत गं.”

“चिमणी चालेल, कबूतर चालेल. येईल कुणीतरी. तुझे बाबा अन्नाला नाही म्हणणाऱ्यांतले नव्हते.”

त्या दिवशी ती सकाळी सहापासून ओट्याशी होती. भात, डाळ, दोन भाज्या, तळण, खीर. ठमीला कमरेवर घेऊन तिनं खीर ढवळली, आणि चटका बसेल या भीतीनं डाव इतका लांब धरला की खीर तळाला लागता लागता वाचली. नवऱ्याला रजा मिळाली नव्हती. कुठल्याशा दवाखान्यातली लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती आणि तो सकाळीच तिच्या खड्ड्यात उतरला होता, जिथं फोन लागत नाही.

बारा वाजायला पाच मिनिटं असताना बेल वाजली. काका इस्त्रीच्या सदऱ्यात आले होते. बूट दाराशी नीट जोडीनं ठेवले आणि पहिली गोष्ट काय केली तर ठमीला उचललं.

“नऊ किलो सातशे.”

“दवाखान्यात नऊ साडेसातशे सांगितलं काका.”

“त्यांचा काटा पन्नास ग्रॅम पुढे आहे. सांगून ठेव त्यांना.”

पन्नास ग्रॅमनं लेक हलकी झाली म्हणून तिनं मनातल्या मनात रात्रीच्या जेवणात एक घास वाढवला. तरी हसू आलंच. ठमीला उंच खुर्चीत पट्ट्यानं अडकवून, पुढ्यात भाताची चार शितं टाकून तिनं पानं घेतली. एक काकांसमोर टेबलावर. एक स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर. लिफ्टमध्ये पाटी होती, पक्ष्यांना खाऊ घालू नये. ती पाटी सैल झाली होती तेव्हा नवऱ्यानंच स्क्रू पिळून घट्ट बसवली होती.

“बसा काका. पाखरानं तोंड लावलं की लगेच सुरू करू. पाच मिनिटांत येतील. सकाळी तर नुसता गलका असतो इथं.”

काकांनी घड्याळ पाहिलं. “बरं,” म्हणाले.

बारा दहा झाले. समोरच्या शाळेच्या मैदानापलीकडं उंच झाडं होती आणि त्यांवर कावळे होते, पण या इमारतीशी त्यांचं काही देणंघेणं नसल्यासारखे बसले होते. ती खिडकीशी उभी राहिली. मग वाटलं, आपल्यामुळेच येत नसतील, म्हणून मागे सरली. मग वाटलं, मागून दिसत नाही, म्हणून फ्रिजच्या आडून बघायला लागली. स्वतःच्याच घरात चोरासारखी.

बारा वीसला काकांनी विचारलं, “तुझे बाबा जेवायला कितीला बसायचे?”

“त्यांना वेळच नव्हती काका. खळ वाळली की जेवायचे. कधी दोन, कधी तीन.”

“हं,” काका म्हणाले.

पावणेएकला एक कबूतर आलं. कट्ट्याच्या टोकावर बसून त्यानं पानाकडं मान वाकडी करून पाहिलं, एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं. ठमीनं नेमका त्याच वेळी चमचा टेबलावर आपटला आणि कबूतर गेलं.

“ठमे,” ती म्हणाली. एवढंच. डोळ्यांत पाणी आलं म्हणून ती सिंककडं वळली आणि धुतलेली कढई पुन्हा धुतली.

बाबांना काय सांगायचं ते तिनं मनात ठरवून ठेवलं होतं, म्हणजे असं ठरवून नव्हे, पण काका जेवत असताना ती जवळ बसणार होती आणि काहीतरी बोलणार होती. आता पाखरूच येईना. तिला वाटलं, रागावलेत. तेरा महिन्यांपूर्वी सगळ्यांना संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलंस, आता तू बस. बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. झालेल्या बाईनं असा विचार करू नये, हे तिला कळत होतं. विचार थांबत नव्हता.

एक वाजून गेला. काकांच्या कपाळावर घाम होता. स्वयंपाकघर तापलंय, असं म्हणून तिनं पंखा वाढवला. सदऱ्याची कॉलर ओली झाली होती. तिला ते दिसलं. तिला नेहमी सगळं दिसायचं, ठमीच्या कानामागचा पुरळाचा एक दाणासुद्धा. पण दिसणं आणि डोक्यात शिरणं यांच्यामध्ये त्या दिवशी खिडकीतलं पान आडवं आलं होतं.

“तिकीट काढलंस का?”

आवाज काकांचाच, पण चढा आणि चिडका. ती वळली.

“कसलं तिकीट, काका?”

“कसलं काय विचारतेस. सगळे आलेत. तुझ्यासाठी थांबलेत. किती वेळ ठेवायचं असं? उन्हाचे दिवस आहेत.”

तिच्या हातात डाव होता तो तसाच राहिला. बाबा वर्षातून एखाद्याच वेळी असे खेकसायचे, आणि मग दोन दिवस स्वतःच गप्प बसायचे. काकांची नजर तिच्यावर होती, पण तिच्यातून पलीकडं गेल्यासारखी. ठमी खुर्चीत भाताची शितं चिवडत होती. रस्त्यावरून बस गेली. ती खाली बसली, काकांच्या खुर्चीपाशी, फरशीवर.

“ठमी तेवीस दिवसांची होती,” ती म्हणाली. “तिचा पासपोर्ट नव्हता. मी विचारलं होतं सगळीकडं. खरंच विचारलं होतं. बाबा, मी फोनवर होते पण मला काही दिसलं नाही. पंखाच दिसत होता.”

“हं,” काका म्हणाले.

त्यांनी आणखी काहीतरी बोलावं म्हणून ती थांबली. बरं म्हणावं, असू दे म्हणावं, नाहीतर शिवी द्यावी. काहीही चालणार होतं. ती वाट बघत राहिली. एक मिनिट असेल, कदाचित दोन.

काकांनी खिरीची वाटी उचलली. हात असा कापत होता की खीर कडेवरून सांडली. वाटी त्यांनी डोळ्यांपुढं धरली आणि स्पष्ट, सरकारी आवाजात म्हणाले, “साडेतीन किलो. लिहून घ्या.”

ती उठून उभी राहिली.

ज्या माणसानं अंगावरच्या कपड्यांसकट ठमीचं वजन ग्रॅमात सांगितलं होतं, त्याला दीडशे ग्रॅमची वाटी साडेतीन किलोची वाटत होती. ओली कॉलर, कापरा हात, चिडकं बरळणं. सुई टोचूनच निघतात ते घरातून. बाराला म्हणजे बाराला. इन्शुलिन घेऊन उपाशी राहिलेल्या माणसाचं काय होतं, यावर तिनं परीक्षेत दहा मार्कांचं उत्तर लिहिलं होतं आणि त्याला साडेआठ मार्क मिळवले होते.

साखरेचा डबा वरच्या फळीवर, ठमीच्या हाताला लागू नये म्हणून. तिनं पेल्यात अर्धं पाणी घेतलं, चार चमचे साखर घातली, ढवळली, न विरघळलेलीच काकांच्या ओठांशी नेली. काकांनी तोंड फिरवलं.

“पाखरानं लावलं का तोंड?”

“लावलं, काका. मघाशीच लावलं. घ्या.”

“नक्की?”

“माझ्या डोळ्यांदेखत लावलं. बाबा जेवले. आता तुम्ही घ्या.”

मग ते प्यायले. निम्मं सदऱ्यावर गेलं. गिळतायत ना, हे ती गळ्यावर नजर ठेवून बघत होती. ठमीला पहिल्यांदा वरचं अन्न दिलं तेव्हा अशीच बघत होती. दुसरा पेला केला. तो खाली ठेवला आणि तातडीच्या नंबरवर फोन लावून पत्ता, मजला, वय आणि काय घडलं ते एका दमात सांगितलं. शुद्धीवर आहेत का, पलीकडून विचारलं. आहेत. गिळता येतंय का? येतंय. मग देत राहा, गाडी निघाली आहे. तिनं खिरीची तीच वाटी घेतली आणि चमच्याचमच्यानं भरवायला सुरुवात केली. आपल्यालाही भरवावं म्हणून ठमीनं भोकाड पसरलं. तिला कुणी विचारलं नाही.

गाडी येईपर्यंत काकांचा हात थांबला होता. त्यांनी टेबलाकडं पाहिलं, सदऱ्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं.

“काय झालं?”

“साखर उतरली होती तुमची.”

“अरे,” ते म्हणाले, कुणाचा तरी पेला चुकून लवंडावा तसं.

गाडीतून दोघं आले, एक उंच मुलगी आणि एक टकलू गृहस्थ. मुलीनं काकांच्या बोटाला टोचून आकडा पाहिला. अजून कमी आहे पण चढतोय, म्हणाली. सुई कधी, किती, आणि त्याआधी काय खाल्लं होतं? काकांनी सांगितलं आणि तिनं इथल्या भाषेत सांगितलं. सकाळी बिनसाखरेचा चहा, नुसता, कारण दुपारी पान होतं. पावणेबाराला सुई. रोजची सोळा युनिट, आणि खिरीची म्हणून अंदाजानं वरती चार.

“अंदाजानं?” मुलीनं विचारलं.

“माझा अंदाज चुकत नाही,” काका म्हणाले. याचं भाषांतर तिनं केलं नाही.

टकलू गृहस्थ खिडकीशी गेला होता. “हे भरलेलं ताट बाहेर कुणासाठी?”

“माझ्या वडिलांसाठी.”

त्यानं वाकून खाली चार मजले पाहिलं. “ते खाली उभे आहेत का?”

“नाही. ते गेले. मागच्या वर्षी.”

“अच्छा,” तो म्हणाला आणि खिडकीपासून बाजूला झाला, कुणाच्या तरी वाटेत उभं राहिल्यासारखा.

पंधरा मिनिटांनी पुन्हा टोचलं. आकडा चांगला आला. आता व्यवस्थित जेवू द्या, घरचं कुणी येईपर्यंत एकटं सोडू नका, असं बजावून ती दोघं गेली. काका पावणेदोनला जेवायला बसले. डाळभात, भाज्या, सगळं नीट, सावकाश.

“मी काय बोललो गं मधे?”

“काही नाही. वाटीचं वजन साडेतीन किलो म्हणालात.”

त्यांचा घास थांबला. “कुणाला सांगू नकोस,” ते म्हणाले. बाकी कशानं नाही, पण त्यानं ते खरोखर ओशाळले होते.

“तुम्ही मला म्हणायचं होतं ना काका, भूक लागली म्हणून. मी लगेच वाढलं असतं.”

“वडील म्हणून बसवलं होतंस. मुलीच्या घरी वडील भूक लागली म्हणून मागतात होय?”

निरोप मिळताच काकांची लेक अडीचला आली, कामावरून तशीच. ती केकच्या कारखान्यात क्रीमची फुलं काढायची. मनगटाला गुलाबी क्रीम वाळलेलं होतं. आधी वडिलांचा हात हातात घेऊन पाहिला, गार आहे का. मग तिच्याकडं वळली.

“मी सांगितलं होतं तुम्हाला.”

“हो.”

“मग?”

“ऐकलं नाही मी.”

“अगं, तिची काय चूक,” काका म्हणाले. “मी बोलायला हवं होतं.”

“तुम्ही? बसमध्ये कुणी पायावर उभं राहिलं तर तुम्ही त्याला सॉरी म्हणता.”

काका ठमीला घेऊन बाहेरच्या खोलीत गेले आणि तिथल्या खेळण्यांची वजनं तिला सांगायला लागले. स्वयंपाकघरात दोघी उरल्या. प्रकरण एवढ्यावर मिटलं असतं. लेकीनं पिशवी खांद्याला लावलीही होती.

“ताई, अजून एक आहे,” ती म्हणाली. “मला दोन मिनिटं आधी कळायला हवं होतं. ते बरळत होते आणि मी खाली बसून ऐकत होते. मला वाटलं, बाबा बोलतायत.”

लेकीनं पिशवी खाली ठेवली. “काय म्हणाले?”

तिनं सांगितलं. तिकीट काढलंस का, सगळे आलेत, किती वेळ ठेवायचं, उन्हाचे दिवस आहेत.

लेक ओट्याला टेकली. मनगटावरचं क्रीम नखानं खरवडत राहिली.

“आई गेली तेव्हा मी इकडेच होते,” ती म्हणाली. “दोन दिवस विमानंच नव्हती. बाबा फोनवर हेच म्हणाले होते. हेच शब्द. उन्हाचे दिवस आहेत, हे पण. मग त्यांनी मला न विचारता उरकलं. त्यानंतर त्या दिवसाबद्दल आम्ही दोघं एक अक्षर बोललेलो नाही. सहा वर्षं झाली.”

म्हणजे बाबा आले नव्हते. तिनं जे फरशीवर बसून सांगितलं, ते एका साखर उतरलेल्या माणसाला सांगितलं होतं, आणि तो दुसऱ्याच मुलीची वाट बघत होता. तिला वाटलं होतं, हे कळल्यावर रडू येईल. आलं नाही. ती एवढंच म्हणाली, “चहा ठेवते. बिनसाखरेचा.”

चहा घेऊन तिघं बाहेरच्या खोलीत बसली. लेकीनं वडिलांना काही विचारलं का, ते तिला माहीत नाही. ती ठमीचा लंगोट बदलायला आत गेली होती, आणि नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ आत राहिली. बाहेर आली तेव्हा काकांचा हात लेकीच्या पाठीवर होता. साडेतीनच्या सुमाराला तिनं खिडकीतलं ताट आत घेतलं. भात निम्मा गेला होता. कुणी खाल्ला, कधी खाल्ला, ते बघायला कुणी नव्हतं.

पुढच्या दोन घरांना तिनं स्वतः फोन करून सांगितलं, काका दारात आले की आधी घास, मग पाखरू. एका घरी जरा कुरबुर झाली. ती म्हणाली, तुमच्या वडिलांना मी समजावते, मला त्यांचा नंबर द्या. कुरबुर थांबली.

थंडी सुरू व्हायच्या आत काकांचे सहा महिने भरले आणि ते परत गेले. लेकीनं इकडंच राहा म्हणून खूप विनवलं, पण कागद मिळाले नाहीत. आता ते तिकडं एकटेच राहतात. ठमीची आई एक दिवसाआड त्यांच्या दुपारी बारा वाजता फोन करते. तेव्हा इकडे ठमीला दूध पाजायची वेळ असते. “जेवलात का काका?” “झालं,” ते म्हणतात. दर वेळी झालं. मागच्या आठवड्यात “झालं” म्हणाले आणि मागं कुकरची शिट्टी झाली. तिनं विचारलं तर म्हणाले, शेजारचा असेल.

तिचं घर तिथून फार लांब आहे, म्हणून हे तुम्हाला सांगायचं. तुमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर वजनमाप खात्यातले एक निवृत्त गृहस्थ राहत असतील, किरकोळ बांध्याचे, इस्त्रीचा सदरा घालणारे, आणि तुमच्या हातातल्या भाजीच्या पिशवीकडं बघून ओठांतल्या ओठांत आकडा पुटपुटणारे, तर उद्या बाराच्या सुमाराला त्यांची बेल वाजवा. जेवलात का, असं विचारू नका; झालं म्हणतील. दुसऱ्या मजल्यावर नसले तर तुमच्या मजल्यावरचे जे कुणी असे एकटे असतील, त्यांची वाजवा. काहीतरी निमित्त काढून आत जा. सुई कधी घेतली ते विचारा. ओट्यावर बघा, काही शिजलंय का. शिजलं नसेल तर तुमच्या घरातलं आणा, आणि ते पहिला घास घेईपर्यंत तिथून हलू नका.